पूल चालतो तेव्हा

पैठणला धरणाचे दरवाजे उघडले, की शहागडच्या पुलावर माणसं जमायला लागतात. मोटारसायकल कडेला लावायची, कठड्याला पोट टेकवायचं आणि पाणी बघत राहायचं. गंगथडीच्या माणसाला पाणी बघायला कारण लागत नाही. इकडे गोदावरीला गोदावरी म्हणतात ते शाळेत आणि सरकारी फलकावर. बोलण्यात ती गंगाच. "गंगा आली" असं कुणी म्हणालं, की माणूस हातातलं काम ठेवून उठतो. उन्हाळ्यात वाळू आणि डबकी दाखवणारी नदी रातोरात या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली असते. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड, आणि मधे चहाच्या रंगाचं पाणी.

अशाच एका गर्दीत माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला कठड्याशी धरून उभे होते. पोरगं चार-पाच वर्षांचं. बराच वेळ गप्प होतं. मग एकदम आजोबांचं धोतर मुठीत धरून ओरडलं, "आबा, पूल चालला!"

आसपासचे दोघं-तिघं हसले. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "पूल कुठं जातोय बाळा, पाणी जातंय. खाली नको बघू. पल्याड तो लिंब दिसतो का? त्याच्याकडं बघ."

पोरानं मान वर केली, लिंबाकडे पाहिलं. "थांबला," म्हणालं. आणि लगेच पुन्हा खाली बघायला लागलं. थांबलेल्या पुलात त्याला काय रस असणार!

मीही मग खाली पाहिलं. मनात आकडे मोजत. आधी फक्त पाणीच होतं. खांबाला आपटून फुटणारं, फुटून पुन्हा जुळणारं, मधेच भोवरा होऊन आत ओढलं जाणारं. उसाचं पाचट, जलपर्णीचा एक पुंजका, कुणाची तरी एकच चप्पल. पंधरापर्यंत मोजलं असेल नसेल, आणि पाण्याचा जोर ओसरल्यासारखा वाटला. ओसरला नव्हता. पाणी थबकलं होतं आणि माझ्या कोपराखालचा कठडा सावकाश पैठणच्या दिशेनं निघाला होता. मी, आजोबा, नातू, कडेला लावलेल्या मोटारसायकली, सगळे एका लांबलचक जहाजावर. तेवढ्यात मागून एक भरलेला ट्रक गेला आणि पूल पायाखाली थरथरला. जणू इंजिनच सुरू झालं. गुडघे आपोआप वाकले आणि मी कठडा घट्ट धरला. वय, शिक्षण, पुलाचे खांब खडकात रोवलेले असतात ही माहिती, यांतलं काहीही त्या क्षणी उपयोगी पडलं नाही.

ज्याच्या नावानं आज विमानाचा वेग मोजतात, त्या अर्न्स्ट माखनं एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. पुलावर उभं राहून वाहत्या पाण्याकडे बराच वेळ टक लावली, की पाणी थांबतं आणि पूल बघणाऱ्यासकट उलट्या दिशेला चालू लागतो. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, ल्युक्रिशियस या रोमन कवीनं प्रवाहाच्या मधोमध अडून उभ्या राहिलेल्या घोड्याचा दाखला दिला आहे. स्वार खाली पाण्याकडे बघतो आणि त्याला वाटतं, आपला घोडा कुणीतरी प्रवाहाच्या उलट ओढून नेतंय. हे वाचल्यापासून मला पलीकडच्या तीरावरचं, गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन आठवत राहतं. १० ऑगस्ट १७६३ ला तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठलं, तेव्हा निजाम अर्ध्या सैन्यासह नदीपार गेलेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागे, राक्षसभुवनच्याच काठावर अडकला होता. मधे श्रावणातली गंगा. इतिहासाच्या पुस्तकांत त्या लढाईचे डावपेच असतात, दिवाण कसा पडला ते असतं. पण ऐन पुरात घोडा घालणाऱ्या शिपायाला खाली बघितल्यावर काय दिसलं असेल, हे कुणी लिहीत नाही.

आपण अशा वेळी सहज म्हणतो, डोळे फसले, मेंदू फसला. मला हा शब्द पटत नाही. मेंदू फसत नाही, तो निवाडा देतो. गावच्या पंचासारखा. पंचाला घटनास्थळी जाता येत नाही. कवटीच्या अंधाऱ्या खोलीत बसून आलेल्या साक्षीदारांवर भागवावं लागतं. इथे वाद असा, की हलतंय कोण? पाणी की मी? डोळ्याची साक्ष एवढीच, की दोघांतलं अंतर सरकतंय. कोण जागेवर आहे आणि कोण निघालंय, हे नुसत्या सरकण्यातून कळत नाही. दुसरा साक्षीदार कान. कानाच्या आतल्या भागात, जिथे ऐकण्याचा संबंध नाही अशा दोन बारीक पिशव्यांत, चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. शरीर पुढे निघालं, की ते मागे रेलतात आणि मेंदूला खबर जाते. पण ही खबर वेग वाढताना किंवा घटताना मिळते. एकसारख्या वेगानं चाललेल्या एसटीत डोळे मिटून बसलं, की धक्के आणि आवाज सोडले तर गाडी चालू आहे की उभी, हे कान सांगू शकत नाही. म्हणजे पुलावरच्या खटल्यात डोळा ओरडून सांगतोय की सगळं सरकतंय, आणि कान गप्प आहे. कानाचं गप्प राहणं "तू उभा आहेस" असंही असू शकतं आणि "तू एका लयीत चालला आहेस" असंही.

मग पंच जुन्या अनुभवाकडे वळतो. जन्मल्यापासून या माणसाच्या नजरेतलं सगळंच्या सगळं दृश्य एका दमात, एका दिशेला कधी सरकलं? तो चालला तेव्हा, पळाला तेव्हा, बैलगाडीत किंवा एसटीत बसला तेव्हा. जमीन आपणहून सरकली असं कधी झालेलं नाही. तेव्हा जे नजरभर पसरलंय ते जमीन, आणि सरकतोय तो मी. हजार वेळा बरोबर ठरणारा निवाडा आहे हा. एक हजार एकाव्या वेळी खाली जमीन नसून गंगा असते, याला पंच काय करणार? सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद जे जातात, ते मला वाटतं या विचारविनिमयाचेच असावेत.

एसटी स्टँडवर याचा छोटा खटला रोज चालतो. आपली गाडी उभी, खिडकीला लागून दुसरी गाडी उभी. ती मागे निघते आणि आपल्याला वाटतं आपली पुढे निघाली. हात समोरच्या दांडीकडे जातो. मग त्या गाडीचं तोंडही सरकून जातं, पलीकडची भिंत दिसते, भिंत जागच्या जागी असते, आणि आपण कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघत हात खाली घेतो. शेजारचाही हात खाली घेत असतो.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली याची गंमत अंधाऱ्या खोलीत नेली. प्रकाशाचा एक ठिपका आणि त्याच्याभोवती प्रकाशाची चौकट. हलवली चौकट, पण बघणाऱ्यांना हलताना दिसला ठिपका, तोही उलट दिशेनं. मोठं आणि भोवती असलेलं ते स्थिर, आणि आतलं लहान ते चालणारं, असा मेंदूचा कल असतो. यासाठी जर्मनीला जायला नको. पावसाळ्यात अंगणात बाज टाकून पडलं, की ढगांतून चांदोबा पळताना दिसतोच. पळतात ढग. पण ढग आभाळभर, चांदोबा भाकरीएवढाही नाही, म्हणून पळण्याचा आळ त्याच्यावर. त्यावरचा उपायही अंगणातच असतो. उठून लिंबाच्या फांदीआडून चंद्र बघायचा. दोन डहाळ्यांमधे तो सापडला, की मुकाट उभा राहतो आणि ढग धावू लागतात.

पुन्हा लिंबच. आजोबांनी पोराला दिलेला उपाय हाच होता, की नजरेला धरायला न हलणारं काहीतरी दे. पूल नव्हता तेव्हा उतारानं नदी ओलांडणाऱ्यांना मोठी माणसं हेच बजावत, की धारेकडे बघू नको, पल्याडच्या काठाकडे बघ, नाहीतर घेरी येईल. घेरी शब्द अगदी नेमका आहे. पाण्यात गुडघाभर उभ्या माणसाला आपण वरच्या अंगाला ओढले जातोय असं वाटलं, तर तो तोल सावरायला खालच्या अंगाला कलणार, म्हणजे ज्या बाजूला पाणी त्याला नेऊ बघतंय, नेमका त्याच बाजूला. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालणाऱ्यांच्या बाबतीतही असंच काही होत असेल का, असा मला नेहमी संशय येतो. चाकाशेजारून सरकणारं पाणी बघत बघत हँडल आपोआप खालच्या बाजूला वळत असेल. पाण्याचा जोर तर आहेच; पण त्या जोराला आपलाच हात मदत करत असेल तर?

त्या दिवशी मी आजोबांचं ऐकलं. पुरती पाच मिनिटं पाणी बघून झाल्यावर नजर उचलून पलीकडच्या लिंबाकडे नेली. ज्याच्याकडे बघून पोराचा पूल थांबला होता, तो लिंब मला मात्र चालताना दिसला. त्याच्या बुडाचं गवत, मागचा बांध, दोन शेळ्या, सगळंच सावकाश वरच्या अंगाला, पैठणकडे सरकत होतं. पोरानं थोडाच वेळ पाहिलं होतं, मी जास्त वेळ पाहिलं होतं, एवढाच फरक.

हा प्रकार वेगळा. यात मी हलत नव्हतो, माझा कठडा हलत नव्हता, फक्त दिसणारं जग ओघळत होतं. ॲरिस्टॉटलनं स्वप्नांवर लिहिताना वेगानं वाहणाऱ्या नदीचा उल्लेख केला आहे, की ती बघून झाल्यावर स्थिर गोष्टी हलताना दिसतात. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्सनं स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यासमोर उभं राहून हेच नोंदवलं. धबधबा बघून शेजारच्या कड्याकडे पाहिलं, तर कडा वर चढत होता. पुढे या भासाला धबधब्याचं नाव चिकटलं. ॲडम्स शहागडला आला असता तर या भासाला गंगेचं नाव मिळालं असतं.

कारण साधं आहे. मोंढ्यातला जुना तराजू डोळ्यापुढे आणा. मेंदूत एका दिशेच्या हालचालीवर खूश होणाऱ्या पेशी असतात आणि उलट दिशेवर खूश होणाऱ्याही. समोर काहीच हलत नसतं तेव्हा दोन्ही थोड्याथोड्या पुटपुटत असतात. दोन्ही पारडी समान, म्हणून आपल्याला स्थिर दिसतं. पाच मिनिटं एकाच दिशेचं पाणी बघितलं, की त्या दिशेच्या पेशी दमतात. मग स्थिर लिंब समोर आला, तरी दमलेलं पारडं वर आणि न दमलेलं खाली. काटा उलट्या दिशेला झुकतो, आणि काटा झुकला म्हणजे माल आहे, असं मेंदू धरतो. बार्लो आणि हिल या दोघांनी १९६३ मध्ये सशाच्या डोळ्यातल्या पेशींवर हे मोजून दाखवलं. हालचाल थांबवल्यावर त्या पेशी काही वेळ नेहमीच्या पुटपुटण्यापेक्षाही गप्प झाल्या होत्या. माणसात हा हिशेब बराचसा मेंदूतच होतो.

पण तराजू समजला तरी मला त्या लिंबाचं कोडं सुटलं नाही. तो चालत होता, आणि कुठेही जात नव्हता. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण बघताना ते तसंच दिसतं. सरकतोय, सरकतोय, आणि तरीही त्या बांधाच्या त्याच कोपऱ्यावर आहे. शेळ्यांशी त्याचं अंतर तेवढंच, आभाळात त्याची जागा तीच. मेंदू वेग वेगळा मोजतो आणि जागा वेगळी मोजतो, असा याचा अर्थ. रोजच्या जगण्यात दोघांचे अहवाल जुळतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. पुलावर एक खातं म्हणतं, झाड चाललंय. दुसरं म्हणतं, झाड जागेवर आहे. आणि वर बसलेला साहेब दोन्ही कागदांवर सही करतो. फार वेळ नाही, दहा-वीस सेकंद. पण तेवढ्या वेळात आपण चालणं आणि न चालणं एकाच झाडावर एकाच वेळी पाहिलेलं असतं.

अशा गोष्टीवर आपल्याकडे आधीच कुणी काही म्हणून ठेवलेलं असतं. या वेळी ते फार दूरचंही नाही. पुलावरून वरच्या अंगाला नजर टाकली तर याच नदीच्या काठी, पैठणच्या अलीकडे, आपेगाव आहे, ज्ञानेश्वरांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं. नेवाशाला १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात, कर्मात अकर्म कसं पाहावं हे समजावताना, त्यांनी नावेचा दृष्टांत दिला आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगानं जाताना दिसतात. खरं काय ते नीट पाहायला गेलं, तर ती अचल असतात. त्याला जोडूनच, न चालता चालताना दिसणाऱ्या सूर्याचा दाखला येतो. गंगथडीवर वाढलेल्या माणसाला नाव, काठ आणि झाड कुठून शोधून आणावे लागले नसणार.

या ओव्या दाखवून "बघा, सगळं आधीच ठाऊक होतं" म्हणणाऱ्यांत मी नाही. तिथे विषय खगोलाचा नाही, कर्त्याचा आहे; कर्म करूनही जो अकर्ता, त्याचा. खगोलासाठी हाच दृष्टांत वापरणारा माणूस वेगळा. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटानं लिहिलं, की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे नाव ही पृथ्वीच. ब्रह्मगुप्तासारख्यानं ते खोडायचा प्रयत्न केला, आणि पुढच्या काही टीकाकारांनी तर गुरूची अडचण झाकावी तसा त्या श्लोकाचा अर्थच फिरवला. त्यांना दोष देववत नाही. त्यांचा पंच माझ्याच पंचासारखा होता. जे नजरभर पसरलंय आणि पायाखाली आहे, ते स्थिर.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा एकदा त्या पुलावर गेलो. पूर ओसरत आला होता, माणसं नव्हती. दिवस कलला होता आणि सूर्य नेमका वरच्या अंगाला, पैठणच्या बाजूला टेकत होता. पाणी बघितलं, आकडे मोजले, आणि पूल ठरल्याप्रमाणे पश्चिमेकडे निघाला. तेव्हा एक हिशेब आठवला. शहागडच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १५७५ किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतो. म्हणजे पूल चालतोय, ही त्या पोराची बातमी खरीच होती. फक्त दिशा उलटी होती. पूल पैठणकडे नाही, पाण्याच्याच दिशेला, नांदेडकडे चाललाय, आणि पाणीही चाललंय, लिंबही, दोन्ही जिल्हे चाललेत. एकसारख्या वेगानं, म्हणून कान गप्प.

मग ठरवलं, की खाली बघून खोटं चालणं दिसतं, तर समोर बघून खरं चालणं दिसतं का ते बघू. सूर्य खाली जातोय असं न समजता, तो जागेवर आहे आणि आपणच पाठीमागे, नांदेडकडे झुकतोय असं समजून बघायचं. कठड्याला पाठ टेकू नये म्हणून दोन पावलं मधे सरकून उभा राहिलो. सूर्याचा खालचा काठ उसाच्या फडाला टेकला. एक क्षण, अगदी एकच, पायाखालचा पूल मागे कलंडल्यासारखा झाला आणि पोटात खड्डा पडला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. दुधाच्या कॅनी लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला होता.

"काका, कडंला व्हा की. काय बघायलात एवढं?"

"सूर्य मावळतोय," मी म्हणालो, आणि कडेला झालो.